बटणाचा संडास, भाताचं भांडं आणि आपण

(ओझर, जि. नाशिक इथं झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आयोजकांनी मला विषय दिलाय, ‘जपानमध्ये काय पाहिलं’. एका अभ्यासगटाबरोबर मला सोळा दिवस तिकडे जाता आलं. तिथल्या बायकांच्या संस्था, पाळणाघरं, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणारी केंद्रं पाहायची, हा दौऱ्याचा हेतू. पण परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, ‘बुलेट ट्रेनमध्ये बसलीस का?’ बसले. वेळेवर निघाली, वेळेवर पोचली. बायका मात्र जरा बाजूला घेऊन, हळू आवाजात दुसराच प्रश्न विचारतात, ‘ते बटणांचे संडास खरंच तसे असतात का गं?’ (हशा) आज मी त्या हळू आवाजातल्या प्रश्नापासूनच सुरुवात करणार आहे. कारण तो प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

मी समाजकार्य शिकलेली बाई. यंत्राच्या पोटातलं मला फार कळत नाही. पण एखादं यंत्र आलं, की कुणाचं काम हलकं होतं आणि कुणाचं तसंच राहतं, हे पाहायची सवय वस्तीतल्या कामानं लावली आहे. त्या नजरेनं जे दिसलं ते सांगते.

जपानचं कौतुक आपल्याकडे नवं नाही. १८८८ च्या अखेरीस अमेरिकेहून परतताना पंडिता रमाबाई जपानात थांबल्या, तिथं त्यांनी व्याख्यानं दिली, आणि १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पुढं बनारसच्या शिवप्रसाद गुप्तांनी टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्व्यांना पाठवली. ते विद्यापीठ जिन्झो नारुसे यांनी १९०१ मध्ये काढलेलं. ती पुस्तिका वाचून अण्णांच्या मनानं घेतलं, आणि १९१६ मध्ये मातृभाषेतून शिकवणारं आपलं महिला विद्यापीठ उभं राहिलं, तेच आजचं एसएनडीटी. म्हणजे मराठी बाईला जपानकडून जी पहिली मोठी गोष्ट मिळाली ती यंत्र नव्हती, कल्पना होती. आजचा प्रवासी मात्र यंत्रं पाहून येतो आणि यंत्रांचंच सांगत बसतो.

तर संडास. हो, खरंच तसे असतात. बसायची जागा थंडीत गरम असते. बाजूला बटणं असतात. एक दाबलं की खालून कोमट पाण्याची धार येते, दुसरं दाबलं की थांबते. ‘तोतो’ नावाच्या कंपनीनं १९८० मध्ये हे ‘वॉशलेट’ बाजारात आणलं. धार कुठून आणि कोणत्या कोनातून यावी हे ठरवायला कंपनीनं आपल्याच शेकडो कर्मचाऱ्यांना, बायकांना आणि पुरुषांना, आसनावर बसवून मापं घेतली होती. युरोप-अमेरिकेचे प्रवासी त्यावर पानंच्या पानं लिहितात, कारण ती माणसं कागद वापरणारी. आपल्याला त्यात नवल काय? जग ज्याला चमत्कार म्हणतं तो आपला तांब्या! (हशा) त्याला जपान्यांनी बटण लावलं, एवढंच.

मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टींचं. जवळजवळ प्रत्येक स्टेशनात संडास होता. बाईसाठी वेगळा होता. फुकट होता. दाराला आतून कडी होती आणि ती लागत होती. आत पिशवी अडकवायला खुंटी होती. पाळीचा कपडा किंवा पॅड टाकायला झाकणाचा छोटा डबा होता. आणि कितीतरी ठिकाणी कोपऱ्यात भिंतीला बाळाची छोटी खुर्ची लावलेली होती, पट्टा असलेली. आई आत गेली तर बाळाला कुठं ठेवणार, हा प्रश्न कुणाला तरी पडला होता, आणि त्यानं किंवा तिनं त्याचं उत्तर भिंतीवर ठोकलं होतं. आपल्या आठवडे बाजारात बाई काय करते? शेजारच्या भाजीवालीला म्हणते, ‘जरा धरता का हो?’ नाहीतर जातच नाही.

त्या सोळा दिवसांत एकदाही मी बाहेर पडताना पाणी कमी प्यायले नाही. इथं बसलेल्या प्रत्येकीला याचा अर्थ कळतो. तालुक्याला जायचं असेल तर आपण सकाळचा चहा अर्धा घेतो, पाण्याची बाटली भरतो पण उघडत नाही. एका सरकारी कचेरीत मी एका बाईच्या पेन्शनच्या कामासाठी तिच्याबरोबर पाच तास बसले होते. बायकांच्या संडासाला कुलूप होतं आणि किल्ली ज्या साहेबांकडे होती ते दौऱ्यावर होते. (हशा) हसू नका, त्या बाईला मधुमेह होता.

आता या संडासातलीच दुसरी वस्तू सांगते. तिचं नाव ‘ओतोहिमे’, म्हणजे आवाजाची राजकन्या. १९८८ मध्ये हीही याच कंपनीनं काढली. बायकांच्या संडासात भिंतीवर एक छोटी पेटी असते. बटण दाबलं, की पाणी वाहिल्याचा नुसता आवाज येतो. कशासाठी? तर लघवीचा आवाज बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून जपानी बायका लाजेनं पुन्हा पुन्हा पाणी सोडत असत. त्यात पाणी फार वाया जाई. म्हणून खऱ्या पाण्याऐवजी खोट्या पाण्याचा आवाज. पाणी वाचलं, हे चांगलंच झालं. पण लाजेचं काय झालं? ती तशीच राहिली, उलट तिला यंत्र मिळालं. शरीराच्या साध्या गरजेची लाज बाईलाच का वाटावी, हा प्रश्न कुणी यंत्राला विचारला नाही. आणि यंत्राला तो विचारून उपयोगही नाही, तो आपण एकमेकींना विचारायचा आहे.

आणखी एक पाहिलं. हे संडास आपोआप स्वच्छ राहत नाहीत. टोकियोला बुलेट ट्रेन येऊन उभी राहते, तेव्हा सफाईच्या तुकडीला आत मिळतात सात मिनिटं. सात मिनिटांत सगळा डबा झाडायचा, खुर्च्या वळवायच्या, संडास धुवायचा, आणि गाडीसमोर ओळीनं उभं राहून वाकून नमस्कार करायचा. प्रवासी त्याचे फोटो काढतात. स्टेशनांमध्ये मी पाहिलेल्या सफाई कामगारांत वयस्क बायका पुष्कळ होत्या. पुरुषांच्या संडासातही त्याच धूत होत्या, पुरुष आत असतानासुद्धा. त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं. स्वच्छतेचं श्रेय देशाच्या संस्कृतीला जातं, बटणाला जातं. ज्या हातात फडकं असतं त्या हाताला जात नाही. आपल्याकडे तर त्या हाताची जातही ठरलेली असते. म्हणून ‘तिकडे किती स्वच्छ!’ असं म्हणताना ‘कुणी केलं, काय मजुरीवर केलं?’ हेही विचारायची सवय लावून घेऊ या.

आता स्वयंपाकघरात जाऊ. जपानच्या घराघरात एक विजेचं भाताचं भांडं असतं. तांदूळ धुऊन घालायचे, पाणी घालायचं, बटण दाबायचं आणि निघून जायचं. भात झाला की ते आपणच बंद होतं. आपला कुकर शिट्टी मारतो आणि बाईला बोलावतो, हा एवढाच काय तो फरक. पण तो मोठा फरक आहे. शिट्ट्या मोजायला माणूस लागतं, आणि ते माणूस कोण, हे सांगायला नको.

या भांड्याची कथा ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरही जपानी बाई पहाटे उठून लाकडाच्या चुलीवर भात शिजवायची. जाळ कमी-जास्त करत चुलीपाशीच बसून राहावं लागे. तोशिबा कंपनीच्या एका विक्रेत्यानं, शोगो यामादा त्यांचं नाव, बायकांना विचारलं की घरातलं सगळ्यात जिकिरीचं काम कोणतं. त्यांनी सांगितलं, भात. कंपनीतल्या पुरुषांना हे पटायला वेळ लागला. भात शिजत असताना झोपू पाहणारी बाई ही कसली गृहिणी, असं त्यातल्या काहींचं मत. शेवटी काम गेलं योशितादा मिनामी नावाच्या एका छोट्या कारखानदाराकडे. त्याला भात शिजवायचं काहीच ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं त्याच्या बायकोला, फुमिकोला. मग फुमिकोनं दिवसरात्र भात शिजवला. किती तांदूळ, किती पाणी, किती वेळ, किती उष्णता, थंडीत काय होतं, उन्हाळ्यात काय होतं, हे सगळं ती लिहून ठेवत गेली. असं काही वर्षं चाललं.

त्यातून जी युक्ती निघाली ती अगदी सोपी. भांड्यात भांडं ठेवायचं. बाहेरच्या भांड्यात थोडं मोजकं पाणी. ते पाणी आहे तोवर उष्णता शंभर अंशाच्या वर जात नाही. साधारण वीस मिनिटांत ते आटतं, तोवर आतला भात शिजलेला असतो. पाणी आटलं की उष्णता एकदम चढते, आणि आत दोन धातूंची जोडपट्टी असते ती वाकून वीज तोडते. १९५५ च्या डिसेंबरात हे भांडं बाजारात आलं, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत लाखो घरांत गेलं.

आता मला सांगा, हा शोध कुणी लावला? पुस्तकात कंपनीचं नाव, फार तर मिनामीचं. फुमिकोच्या त्या वह्यांना काय म्हणायचं? प्रयोगशाळेत पुरुषानं केलं असतं तर ते संशोधन झालं असतं. स्वयंपाकघरात बाईनं केलं म्हणून ती ‘नवऱ्याला मदत’ झाली. इथं बसलेल्यांपैकी कितीजणी बी कधी पेरायचं, कुठली कोंबडी बसवायची, पापडाला खार किती घालायचा याच्या तज्ज्ञ आहेत! त्याला ज्ञान म्हणायची आपली आपल्यालाच सवय नाही.

बरं, या भांड्यानं जपानी बाईला सकाळची झोप दिली, हे खरं. ते लहान नाही. झोप हा बायकांच्या हक्कांतला फार मोठा हक्क आहे. (टाळ्या) पण पुढं काय झालं? जपान सरकारची २०२१ ची वेळेच्या वापराची पाहणी आहे. सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरात बायको घरकाम आणि मुलांची देखभाल यावर दिवसाला सरासरी ७ तास २८ मिनिटं घालवते. नवरा, १ तास ५४ मिनिटं. भाताचं भांडं आहे, कपडे धुवायचं यंत्र आहे, अंघोळीचं पाणीही बटणावर तापतं, आणि तरी हे. यंत्रानं काम हलकं केलं. वाटून दिलं नाही. वाटपाचं बटण अजून कुठल्याच कंपनीनं काढलेलं नाही.

आपल्याकडचा आकडा सांगते, म्हणजे आपण जपानला हसायला नको. आपल्या सरकारच्या २०२४ च्या पाहणीत, ज्या बायका बिनमोबदल्याचं घरकाम करतात त्यांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं. आणि जे पुरुष करतात, म्हणजे जे करतात त्यांचाच हिशेब बरं का, त्यांची ८८ मिनिटं. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली. पुरुषाची नऊ कमी झाली. मिक्सर आला, गॅस आला, कुठं कुठं नळ आला, त्याची दहा मिनिटं बाईला मिळाली आणि नऊ पुरुषानं आधी काढून घेतली. (हशा)

तिसरी वस्तू, मोबाईल फोन. तुम्ही फोननं फोटो काढलात, तर ‘खटक्’ आवाज बंद ठेवता येतो. जपानमध्ये विकलेल्या फोनचा तो आवाज बंद करता येत नाही. २००० साली तिथं कॅमेऱ्याचे फोन आले, आणि गर्दीच्या गाडीत, सरकत्या जिन्यावर मुलींच्या स्कर्टखालून फोटो काढायचे प्रकार सुरू झाले. कंपन्यांनी आपसांत ठरवलं, आवाज सक्तीचा. त्याच सुमाराला, डिसेंबर २००० मध्ये, टोकियोच्या एका रेल्वे कंपनीनं रात्रीच्या गाड्यांना बायकांचा वेगळा डबा लावून पाहिला, आणि पुढं तो पुष्कळ मार्गांवर सकाळच्या गर्दीतही आला. गर्दीत अंगचटीला येणाऱ्याला तिथं ‘चिकान’ असा शब्दच आहे. स्टेशनात त्याच्याविरुद्ध पाट्या लावलेल्या मी पाहिल्या.

परदेशी माणूस हे पाहून म्हणतो, ‘वा, बायकांचा किती विचार!’ मुंबईच्या बाईला याचं नवल नाही. आपल्याकडे ‘लेडीज स्पेशल’ ही अख्खी गाडीच ५ मे १९९२ पासून धावते आहे. बायकांचा डबा हवाच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दमलेल्या बाईला चार स्टेशनं निवांत डुलकी काढता आली पाहिजे. पण चोरून फोटो काढणं हा देशभर गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा जपानमध्ये लागू व्हायला जुलै २०२३ उजाडला. त्याच वर्षी बलात्काराच्या कायद्याचा पाया ‘जबरदस्ती’वरून ‘संमती नसणं’ असा बदलला आणि संमतीचं वय १३ वरून १६ झालं. फोनचा आवाज २००० साली, कायदा २०२३ साली. मधली तेवीस वर्षं फोन ओरडत होता. हे बदललं ते यंत्रामुळे नाही. पत्रकार शिओरी इतोसारख्या बाईनं २०१७ मध्ये चेहरा न लपवता आपल्यावरचा अत्याचार सांगितला, अनेकजणी फुलं हातात घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या, म्हणून ते बदललं. आपल्याकडे चोरून पाहणं, चित्रण करणं हा कायद्यात वेगळा गुन्हा झाला तो २०१३ मध्ये, दिल्लीच्या त्या घटनेनंतर देशभर बायका रस्त्यावर आल्यावर.

दोन गोष्टी आणखी सांगते आणि मग ओझरला येते. जपानमध्ये बाईच्या गर्भनिरोधक गोळीला परवानगी मिळाली १९९९ मध्ये. जगात ती १९६० पासून होती. जपानच्या सरकारी समित्यांना तिचा विचार करायला तीस वर्षांहून जास्त काळ लागला. आणि पुरुषांच्या ताकदीची ती निळी गोळी? तिला त्याच १९९९ साली, अर्ज केल्यापासून सहा-एक महिन्यांत परवानगी! (हशा) म्हणजे शास्त्र हळू चालतं असं नाही. शास्त्राला कुणाची निकड आधी दिसते, हा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट पुन्हा संडासाचीच. जपानच्या संसदेची इमारत १९३६ ची. तेव्हा बायकांना मताचाच अधिकार नव्हता. तो मिळाला डिसेंबर १९४५ मध्ये, आणि १९४६ च्या निवडणुकीत ३९ बायका निवडून आल्या. २०२४ च्या निवडणुकीत कनिष्ठ सभागृहात ७३ बायका आल्या. आणि मुख्य सभागृहाजवळ बायकांसाठी किती सोय? एक प्रसाधनगृह, त्यात दोन संडास. डिसेंबर २०२५ मध्ये सुमारे साठ महिला खासदारांनी सगळ्या पक्षभिंती ओलांडून अर्ज दिला की आम्हाला आणखी संडास द्या. अर्जावर सही करणाऱ्यांत देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान सानाए ताकाइचीसुद्धा होत्या. ज्या देशाच्या संडासाचं जग कौतुक करतं, त्या देशाच्या पंतप्रधान बाईला संडासासाठी अर्ज करावा लागला! तेव्हा मैत्रिणींनो, हे तंत्रज्ञानाचं दुखणंच नव्हे. इमारत बांधताना बाई तिथं येईल असं कुणी धरलंच नव्हतं, हे दुखणं आहे.

आता ओझर. आपल्या गावाला तंत्रज्ञानाचं अप्रूप नसावं. १९६४ पासून इथं हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. म्हणून तर पाहुणे ‘ओझर मिग’ म्हणतात. मिग-२१ इथं जुळले, सुखोई इथं झाले, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला इथल्या नव्या साखळीवर तयार झालेलं पहिलं तेजस विमान इथल्याच धावपट्टीवरून उडालं. आवाजापेक्षा वेगानं जाणारं विमान ज्या गावात बनतं, त्या गावाला ‘चार भिंती, एक कडी आणि पाणी जमत नाही’ असं कुणी सांगू नये. (टाळ्या)

आणि जपानी तंत्र पाहायला विमानात बसायलाही नको. ते आपल्या द्राक्षबागेत आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर तुम्ही घड ज्या पाण्यात बुडवता ते ‘जीए’, म्हणजे जिबरेलिक ॲसिड. ते जपानी शास्त्रज्ञांनी शोधलेलं आहे. भाताच्या रोपाला तिकडे एक रोग यायचा, रोप नुसतंच लांबडं वाढायचं आणि पडायचं. त्याला ते ‘वेडं रोप’ म्हणत. १९२६ मध्ये एइइची कुरोसावा यांनी दाखवलं की एक बुरशी जो रस सोडते त्यानं ही वाढ होते. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन नाव दिलं. पुढं ते द्राक्षाला लागू पडलं. मणी लांबतो, फुगतो, परदेशी बाजारात चालतो.

पण ते द्रव्य घडापर्यंत कोण पोचवतं? एकेक घड हातानं भांड्यात बुडवणारी बाई. मग विरळणी, तीही बाईच करते. मांडवाखाली दिवसभर मान वर, हात वर. पेठ, सुरगाण्याकडून टोळ्या येतात, त्यांत निम्म्याहून जास्त बायका असतात, काहींच्या पाठीशी बाळ. मी त्यांच्यात बसते तेव्हा दोन तक्रारी सारख्या ऐकते. एक खांदे भरून येतात, आणि दुसरी हीच, जायचं कुठं? वेली अशा ओळीत लावलेल्या की आडोसा नाही. मग पाणी प्यायचंच नाही. त्यातून लघवीची जळजळ, ताप, आणि मजुरी बुडते ती बाईचीच.

यात एक गंमत आहे, म्हणजे रागाची गंमत. युरोपला माल पाठवायचा तर बागेला ‘ग्लोबल गॅप’चं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या अटींमध्ये मजुरांसाठी संडास आणि हात धुवायची सोय आहे. मजुराचे हात घाण असले तर तिकडच्या गिऱ्हाइकाला बाधा होईल, ही त्यामागची मोठी काळजी. म्हणजे ओझरच्या बाईला लघवीची सोय मिळणार, पण ती हॉलंडमधल्या माणसाच्या पोटासाठी! आणि जी बाग देशातल्या बाजाराला माल देते तिथं तेही नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यानं कारखान्यात बायकांसाठी वेगळ्या संडासाची सक्ती केली. द्राक्षबाग त्या अर्थानं कारखाना नाही, म्हणून मळ्यातली बाई त्या कायद्याच्या बाहेरच राहिली.

शहरातल्या बायकांनी या बाबतीत वाट पाडली आहे. २०११ मध्ये मुंबईत कोरो आणि इतर संस्थांनी ‘राइट टू पी’ मोहीम काढली. त्यांनी आधी मोजणी केली. कुठं किती मुताऱ्या, किती बायकांच्या, आणि जे काम पुरुषाला फुकट त्याचे बाईकडून पैसे का. हा मुद्दा त्यांनी ऐरणीवर आणला. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकानं उच्च न्यायालयात याचिका केली. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयानं महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ आणि सुरक्षित प्रसाधनगृहांची योजना करायला, त्यासाठी समित्या नेमायला सांगितलं. तो निकाल महापालिकांपुरता. महामार्गावरची आपल्यासारखी गावं, बाजार समित्या, बागा यांच्यासाठी मोजणी आपणच केली पाहिजे.

आणि मोजणं ओझरला नवं नाही. वाघाड धरणाच्या कालव्याचं पाणी मोजून घ्यायचं, मोजून वाटायचं आणि त्याचा हिशेब गावानं ठेवायचा, हे इथल्या पाणीवापर संस्थांनी १९९० च्या दशकात करून दाखवलं. देशभरातून माणसं ते पाहायला आली. शेताला किती पाणी लागतं हे जर गावाला मोजता आलं, तर बाईला दिवसाला किती पाणी प्यावं लागतं आणि ते कुठं सोडावं लागतं, हेही मोजता येईल.

म्हणून मी आज तीन कामं सुचवते. पहिलं, प्रत्येक गटानं आपल्या भागात एक दिवस फिरायचं. बस थांबा, बाजार, दवाखाना, शाळा, कचेरी. संडास आहे का, उघडा आहे का, किल्ली कुणाकडे, कडी लागते का, पाणी आहे का, पॅड टाकायला डबा आहे का, आणि साफ कोण करतं, तिला पगार किती. हे शेवटचं विसरू नका. दुसरं, पुढच्या हंगामात टोळीचा दर ठरवताना मजुरीबरोबर दोन अटी बोलायच्या. बागेत आडोशाची संडासाची सोय, मग ती हलवता येणारी का असेना, आणि बाळाला सावलीत ठेवायची जागा. गावातल्या बागायतदारणी इथं बसल्या आहेत. ताई, वहिनी, सातबारावर तुमचं नाव असो नसो, घरात शब्द टाकणाऱ्या तुम्ही आहात. मजूर बाई आणि मालक बाई यांच्यात या एका गोष्टीवर भांडण व्हायचं कारण नाही. तिसरं, घरात नवं यंत्र घ्यायची बोलणी निघाली की दोन प्रश्न विचारायचे. याच्यानं कुणाचा वेळ वाचणार? आणि तो वाचलेला वेळ कुणाच्या मालकीचा? वाचलेल्या तासात सासूबाईंनी नवं काम सांगितलं, तर यंत्र आलं काय आणि न आलं काय.

जपानला नावं ठेवायला मी इथं आलेले नाही. ती बाळाची खुर्ची, ती खुंटी, तो झाकणाचा डबा मला इथं हवा आहे, आणि त्यासाठी जपानहून काही मागवावं लागत नाही. आपला सुतार करून देईल, आपला गवंडी ठोकून देईल. फक्त तिथं बाई येणार आहे, ती बाळ घेऊन येणार आहे, हे आधी कुणीतरी धरून चालायला हवं. ते धरायला लावणं हे आपलं काम.

मोजणीच्या वह्या दाराशी ठेवल्या आहेत. प्रत्येक गटानं एक उचला, वरती गटाचं नाव आणि भाग लिहा. महिन्यानं आपण पुन्हा बसू आणि सगळ्या वह्या एकत्र करून नगरपरिषदेकडे आणि बाजार समितीकडे जाऊ. निवेदन आपण सगळ्याजणी मिळून लिहू. आता चहा आहे. पूर्ण कप घ्या. मागच्या बाजूचा संडास उघडा आहे, मी आल्याबरोबर पाहून ठेवलंय. (हशा, टाळ्या)